अजीजाचाचीचा वर्ग

रोह्याकडून कुंडलिका नदीचा पूल ओलांडून अष्टमीत शिरलं, की पिठाच्या गिरणीला लागून अजीजा मणियारचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे मांडीला मांडी लावून दोघीजणी बसतील एवढी जागा. त्यातही मधोमध तिने जुन्या चादरीचा पडदा लावलेला. पडद्यामागे बांगड्या भरणारी बाई आणि अजीजा, बस्स. नवरा, सासू, नणंद, जाऊ, बरोबर कोणी का असेना, त्यांनी बाहेरच्या बाकावर बसायचं आणि गिरणीची घरघर ऐकायची. यात अजीजाचा काही डाव नव्हता. आत पाचवा गुडघा शिरला की बांगड्यांचे खोके कोसळायचे, एवढंच.

सगळे तिला चाची म्हणत. तिचा बाप डोक्यावर टोपली घेऊन खाडीकाठच्या गावांतून बांगड्या विकायचा, आणि आठव्या वर्षापासून अजीजा त्याच्या मागे चालायची. बापाने तिला अक्षरओळखीच्या आधी हातांची ओळख शिकवली. अंगठा आत कसा मुडपायचा, तळव्याची हाडं कशी जवळ आणायची, हात घट्ट धरणाऱ्या नव्या नवरीला बोलण्यात कसं गुंतवायचं. सुलेमानशी लग्न झालं तेव्हा तोही मणियाराचाच मुलगा, पण त्याचे हात लाकूडफोड्याचे. पहिल्याच वर्षी त्याने एका नवरीच्या हातावर अर्धा डझन बांगड्या फोडल्या. त्या दिवसापासून मुंबईहून माल त्याने आणायचा आणि भरायच्या हिने, अशी वाटणी झाली, आणि पंचवीस वर्षं ती सुखाने चालली.

एवढ्या वर्षांत चाचीला हातावरून माणूस कळायला लागलं होतं. मिठागरात काम करणाऱ्या बाईच्या बोटांना भेगा, भात लावणारीच्या नखांत चिखल, पेठेतल्या वकिलीणबाईंचा हात लोण्यासारखा. काम करताना बांगडी जाते ती एखादी, कधी दोन. पण काही हात निराळे यायचे. एकदम सगळ्या बांगड्या गेलेल्या, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला ओळीने काचेचे ओरखडे. कुणीतरी मनगट धरून पिळल्याशिवाय तशी ओळ उमटत नाही. आपल्याकडे बांगडी फुटली असं कोणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. त्या बायकाही खाली बघून तेच म्हणायच्या, "चाची, वाढवल्या गो."

पंचाण्णव सालच्या श्रावणात हौसा आली तीही असंच म्हणत. खाडीकाठच्या गावातली पंचविशीची पोर. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा. दोन महिन्यांत ती तिसऱ्यांदा येत होती. बाहेर बाकावर सासू बसलेली.

"सगळ्या वाढल्या?" चाचीने विचारलं.

"सगळ्या. विहिरीवर."

चाचीने अंगठा मुडपला तशी हौसाने श्वास आत ओढला. मनगटावर चार ओरखडे, एकाखाली एक. चाचीने साबणाचं पाणी घेतलं, हात हळूहळू चोळला, आणि आईकडून ऐकलेलं, शंभर जणींना सांगितलेलं तेच तिलाही सांगितलं, "सोस गो बाय. पुरुषाचा राग म्हणजे उतू आलेलं दूध, फुंकर मारली की बसतं. पोरगं मोठं झालं की सगळं ठीक होईल."

हौसाने मान हलवली. हिरव्या बांगड्या भरून ती सासूच्या मागोमाग निघून गेली. आपण एका पोरीला धीर दिला, असं वाटून चाचीला त्या दिवशी बरंच वाटलं होतं.

गौरी-गणपती उरकले आणि एका दुपारी डॉक्टर हेमांगी दिघे दुकानात आल्या. तिशीच्या, चष्मा लावणाऱ्या, रोह्यातल्या दवाखान्यात वर्षभरापूर्वी आलेल्या. चाचीने हात पुढे केला, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बांगड्या नंतर, चाची. मला एक विचारायचंय. गणपतीच्या दिवसांत एका बाईच्या हाताला मी प्लास्टर घातलं. त्याआधी बांगड्या कापाव्या लागल्या. त्या तुम्ही भरलेल्या होत्या असं आमच्या नर्सबाई म्हणाल्या. बाईचं नाव मी सांगणार नाही."

"मी विचारणार पण नाय," चाची म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर मात्र हौसाच्या मनगटावरचे चार ओरखडे आले.

"ती म्हणते विहिरीवर घसरले. सासू शेजारीच उभी होती. मी कागदावर तसंच लिहिलं. पण मला झोप लागत नाहीये."

"हाड कुठलं मोडलं?"

डॉक्टरांनी स्वतःच्या हातावर दाखवलं. मनगटाच्या वर, करंगळीच्या बाजूला.

चाचीने जराही वेळ घेतला नाही. "घसरलेला माणूस तळवा टेकतो. तळव्याला खरचटलं होतं काय?"

"नाही."

"मग ती पडली नाय. तिने हात असा धरला." चाचीने आपला हात डोक्यावर आडवा धरला. वर आलेली बाजू करंगळीचीच होती.

डॉक्टरांनी स्वतःचा हात तसाच डोक्यावर धरून पाहिला. मग चष्मा पुसून म्हणाल्या, "मला हे कळायला कॉलेजात सहा वर्षं आणि मुंबईला चार दिवसांचं शिबिर लागलं."

ते शिबिर मुंबईच्या एका संस्थेने डॉक्टरांसाठी घेतलं होतं. घरात मार खाणारी बाई दवाखान्यात येते तेव्हा तिला ओळखायचं कसं, विचारायचं कसं, लिहायचं काय, हे त्यात शिकवलं होतं. तसंच तीन दिवसांचं शिबिर डॉक्टर दिघे आता रोह्यात घेणार होत्या, तालुक्यातल्या नर्सबायांसाठी, अंगणवाडीच्या बायांसाठी आणि पोलिसांसाठी. "तुम्ही या," त्या म्हणाल्या. "ओळखायचं कसं ते तुम्ही शिकवा."

"मी? मी उर्दू शाळेत चौथी शिकलेली. मराठी अजून बोट ठेवून वाचते."

"वाचायचं नाहीच आहे. हात वाचता ना, तेवढं पुरे."

त्या दिवशी जेवताना सुलेमानने घास हातात धरूनच ऐकलं. तो मोजकं बोलणारा माणूस. "एक बोलू? बायका तुझ्याकडे येतात कारण पडद्याच्या आतलं बाहेर जात नाय. उद्या लोक म्हणाले, चाची पोलिसांना जाऊन सांगते, तर कोण हात देईल तुझ्या हातात?"

हा प्रश्न खरा होता. चाचीने दोन दिवस त्यावर विचार केला. तिसऱ्या दिवशी दुकान उघडता उघडता ती म्हणाली, "नाव कुणाचंच सांगणार नाय, गाव पण नाय. नुसता हात सांगेन." सुलेमानने मान डोलावली आणि दिवाळीनंतरच्या त्या तीन दिवसांसाठी दुकानाला कुलूप लावायची तयारी केली. बांगड्या भरायला त्याला बसवण्याचा धोका दोघांनाही पत्करायचा नव्हता.

वर्ग शाळेच्या हॉलमध्ये होता. तीसेक माणसं जाजमावर बसलेली. नर्सबाया पांढऱ्या साड्यांत पुढे, पोलीस भिंतीला टेकून मागे. डॉक्टरांनी विषय मांडला, तसे मागून जनू हवालदार बोलले. पंचेचाळिशीचा, भरघोस मिशांचा, स्वभावाने वाईट नव्हे असा माणूस. "बाई, घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच. आम्ही समजावून परत पाठवतो. संसार मोडायचं पाप कोण घेणार?"

बऱ्याच माना हलल्या. नर्सबायांच्याही.

डॉक्टरांनी चाचीकडे पाहिलं. चाची उठली, पदर सारखा केला. "हवालदारसाहेब, जरा पुढं येता? हात द्या तुमचा."

हॉलमध्ये खसखस पिकली. "जनूभाऊ, भरा बांगड्या!" कुणीतरी ओरडलं. हवालदारांचा चेहरा लाल झाला.

"हसू नका," चाची म्हणाली. "साहेबांच्या मापाची बांगडी माझ्याकडे हायच नाय. मी नुसता हात बघणार."

आता मागे फिरणं जास्त लाजेचं होतं. जनू हवालदार येऊन तिच्यासमोर मांडी घालून बसले. चाचीने त्यांचा हात मांडीवर घेतला, साबणाचं पाणी लावलं आणि दुकानात करायची तशीच बोटं, अंगठा, तळवा दाबायला लागली. ती काहीच विचारत नव्हती. यंदा बोंबील किती बारीक निघालेत, पुलावरचे दिवे कसे पुन्हा गेलेत, असलं काहीबाही बोलत होती. पाच मिनिटं गेली असतील. हसणारे कंटाळून गप्प झाले.

"माझी आय असंच चोळायची," हवालदार अचानक हळू आवाजात म्हणाले. "तिचा डावा हात वाकडा होता. कोपराखाली. बैलानं मारलं सांगायची."

चाची हात चोळत राहिली.

"आमच्याकडे बैल नव्हता," हवालदार म्हणाले.

मग त्यांनी हात काढून घेतला, रुमालाने पुसला आणि ते आपल्या जागी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांत आधी आले आणि भिंत सोडून पुढच्या रांगेत बसले.

चाचीने त्या सकाळी सगळ्यांना हात शिकवले. कामाने गेलेली बांगडी आणि पिळून गेलेली बांगडी. पडलेल्या माणसाचा तळवा आणि डोकं वाचवणाऱ्या माणसाची करंगळीची बाजू. डाग एकाच वयाचे आहेत की पिवळे, निळे, काळे असे वेगवेगळ्या आठवड्यांचे. नर्सबाया वह्यांत लिहून घेत होत्या, एकमेकींचे हात उलटेसुलटे करून बघत होत्या. मागच्या वर्षी आपल्यासमोरून गेलेला कुठला तरी हात आठवून एकदोघींचं पेन मध्येच थांबत होतं. आपण मास्तरीण झालो याचं चाचीला मनातून हसूही येत होतं आणि छाती फुगतही होती.

जेवणाच्या आधी डॉक्टरांनी फळा घेतला. "ओळखलं. आता बोलायचं काय? आधी बघू, आपण काय बोललो की तिचं तोंड कायमचं बंद होतं." आणि त्यांनी वाक्यं लिहायला सुरुवात केली. चाचीने नेहमीप्रमाणे हवेत बोट धरून पहिलं वाक्य लावलं. सो-सू-न घे. खाली होतं, मुलांकडे बघ. त्याखाली, तूच काहीतरी बोलली असशील. त्याखाली, सगळ्यांच्याच घरी असतं.

चाची पहिल्या ओळीवरच थांबली होती.

जेवणाच्या सुट्टीत तिचा डबा उघडाच राहिला. डॉक्टर शेजारी येऊन बसल्या. "चाची, जेवत का नाही?"

"पहिलं वाक्य माझं हाय." चाचीने डबा बाजूला सारला. "किती जणींना बोलले मी. हिला पण बोलले. तिचा हात मोडायच्या आधी पंधरा दिवस."

कुठली 'ही', ते डॉक्टरांनी विचारलं नाही. "मी 'पडून' असं लिहून खाली सही केली," त्या म्हणाल्या. "आपण दोघी सारख्याच. पण कालपर्यंतच्या."

"मग बोलायचं काय?"

"थोडंच. तिचं म्हणणं खरं मानायचं. तुझी चूक नाही हे सांगायचं. मदत कुठे मिळते ते सांगायचं. आणि काय करायचं ते तिला ठरवू द्यायचं. आपण हुकूम द्यायचा नाही. हुकूम देणारं तिच्या घरात एक माणूस आहेच."

घरी आल्यावर चाचीने ही वाक्यं घोकली. सुलेमानला समोर बसवलं. तो आपले लाकूडफोडे हात पुढे करून बसला आणि म्हणाला, "मी काय बोलू?"

"तू काय बोलायचं नाय. तू रडायचं."

"येत नाय रडू."

"मग गप बस. बायका पण गप्पच बसतात." आणि ती म्हणायला लागली, "तुझी चूक नाय गो..." तिसऱ्या वेळी वाक्य बिनअडखळता आलं, तेव्हा सुलेमान म्हणाला, "आता खरं वाटलं," आणि तो खरंच जरा गंभीर झाला होता.

संक्रांतीला हौसा आली. हाताचं प्लास्टर निघालेलं, हात बारीक झालेला. सासू नेहमीप्रमाणे बाहेर बाकावर. गिरणी जोरात चालू होती. चाचीने एका हातात बांगड्या भरल्या, मग मोडून जुळलेला हात घेतला आणि त्या हाडावरून हलकेच बोट फिरवलं.

"हे पडून नाय झालं," ती हळू म्हणाली. "तुझी चूक नाय गो हौसा. मागं मी सोस बोलले, ते माझं चुकलं. काय करावं ते मी नाय सांगणार. पण तुला बोलायचं असेल तर रोह्याच्या डॉक्टरीणबाई गुरुवारी एकट्या भेटतात, सासूला बाहेर बसवतात. पेणला सल्ला देणारी संस्था पण हाय."

हौसाने हात असा हिसकला की चाचीच्या हातातली बांगडी निसटली. "कोण बोलला तुला? मी विहिरीवर पडलंय!" आणि एका हातात बांगड्या, एक हात मोकळा, अशीच ती पडदा सारून निघून गेली.

चाची संध्याकाळपर्यंत अस्वस्थ होती. आपण पोरीला आणखी संकटात टाकलं, ती घरी गेल्यावर काय झालं असेल, हेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी तिने दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाल्या, "रागावली म्हणजे तिने ऐकलं. आता वाट बघायची. मागे लागायचं नाही." वाट बघणं चाचीला जमत नसे. मासळीबाजारात, एसटीच्या थांब्यावर, ती दर वेळी हौसासारखी हिरव्या लुगड्यातली पाठ बघितली की दचकायची.

शिमगा होऊन आठ दिवस झाले होते. हौसा एकटीच आली. बसलीसुद्धा नाही. पडद्याच्या आत उभी राहून म्हणाली, "ती डॉक्टरीण गुरुवारीच असते, का आज पण?"

"आज बुधवार," चाची म्हणाली. "पण चल, बघू."

तिने गिरणीवाल्याला दुकानाकडे बघायला सांगितलं आणि दोघी पूल ओलांडून चालत गेल्या. वाटेत चाचीने एकही प्रश्न विचारला नाही. पुलाच्या मध्यावर हौसाच म्हणाली, "पोराला मारला काल. मी सोसलं असतं."

डॉक्टर भेटल्या, आणि या वेळी कागदावर 'पडून' लिहिलं गेलं नाही. हौसा जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत उतरलं, भाद्रपदातल्या हातासकट. तिथून तिला पोलिसात जायचं होतं, आणि ते तिचं तिनेच ठरवलं. ठाण्यात त्या दिवशी जनू हवालदार होते. मागोमाग नवरा आणि दीर येऊन बाहेर मोठमोठ्याने बोलत होते. "घरचा मामला हाय, साहेब, आम्ही घेऊन जातो तिला."

"बसा तिकडं," हवालदार म्हणाले. "तुमचं नंतर." त्यांनी हौसाला आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं, चाचीला शेजारी बसू दिलं, आणि दोन तास सावकाश लिहून घेतलं. एकदाही समजावलं नाही. शेवटी फक्त विचारलं, "आता कुठं जायचं म्हणतेस?"

हौसाचा भाऊ पेणजवळ जोह्याला गणपतीच्या कारखान्यात होता. तिथे, ती म्हणाली, आणि हवालदारांनी शिपाई पाठवून तिच्या पोराला घरून आणवलं. संध्याकाळच्या एसटीत ती आणि तिचं पोरगं बसली, तेव्हा चाचीने खिडकीतून तिच्या हातात खजुराची पुडी दिली.

कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या, त्या वर्षानुवर्षं पडतात तशाच. पण हौसा जोह्यातच राहिली. आधी मूर्ती घासायचं काम, मग रंगाचं. पोरगं तिथल्या शाळेत जायला लागलं. सगळ्याच बायकांचं असं झालं नाही. शांती नावाची एक होती, ती दोनदा माहेरी गेली आणि दोनदा परत आली. चाचीने दोन्ही वेळा तिच्या हातात बांगड्या भरल्या आणि "मी बोलले नव्हते का" हे शब्द गिळून टाकले. ते गिळणं तिला सगळ्यांत जड गेलं, असं ती सुलेमानला सांगायची.

आणि सुलेमानची भीती खरी ठरली नाही. बायका यायच्या थांबल्या तर नाहीतच. उलट काहीजणी बांगड्या धड असतानाही येऊन बसायला लागल्या.

अठ्ठ्याण्णव साली पेणला मोठा वर्ग ठरला. रामवाडीतल्या एका सभागृहात दोन-तीन तालुक्यांतल्या चाळीस नर्सबाया. चाची सकाळच्या एसटीने साबणाची डबी आणि बांगड्यांचे दोन खोके घेऊन गेली. आता तिची भीड चेपली होती. तिने हात शिकवले, बोलणं शिकवलं, आणि स्वतःचं 'सोस गो' सगळ्यांत आधी सांगितलं, म्हणजे बाकीच्यांना आपापलं सांगायला सोपं जाईल. शेवटी एक तरुण नर्स उठली. जरा चिडूनच म्हणाली, "एवढं सगळं करून ती बाई परत त्याच घरात गेली, तर आम्ही कशाला जीव काढायचा?"

चाचीला शांती आठवली. तिने खोक्याचं झाकण लावलं. "जाते. कधी पोरासाठी, कधी भीतीनं, कधी नवरा रडला म्हणून. पण परत जाते त्या दिवशी तिला एक ठाऊक असतं, की बाहेर एक बाई हाय, जी शिव्या न देता पुन्हा हात धरेल. तेवढंच आपल्या हातात. मला पण ते पुरेसं वाटत नाय. पण नसण्यापेक्षा लई हाय."

नर्स खाली बसली. तिचं समाधान झालं असं काही दिसलं नाही. चाचीला ते बरंही वाटलं. जिला चीड येते ती शिकते, असा तिचा आताशा अनुभव होता.

दुपारी जोह्याहून हौसा भेटायला आली, नखांत सोनेरी रंग घेऊन. दोघींनी स्टँडवर चहा घेतला. पोरगं वर्गात दुसरं आलं, भावाने नवं घर बांधायला काढलं, यंदा ऑर्डरी आत्ताच यायला लागल्या, अशा गप्पा झाल्या. हौसा मोठ्याने हसत होती. तिला एवढं मोठ्याने हसता येतं हे चाचीला माहीतच नव्हतं.

चाचीने सुलेमानसाठी पोह्याचे पापड घेतले आणि ती रोह्याच्या गाडीत चढली. सकाळच्या वर्गातल्या तीन नर्सबाया त्याच गाडीत होत्या. त्यांनी तिला खिडकीची जागा दिली, स्वतः पुढच्या बाकावर उलट्या वळून बसल्या, आणि एकीने आपला हात पुढे केला, "चाची, ते मनगटाचं पुन्हा एकदा दाखवा." चाचीने पापडांचं पुडकं मांडीवरून बाजूला ठेवलं आणि तिचा अंगठा मुडपून घेतला. नागोठणं आलं तरी त्यांचे प्रश्न संपले नव्हते, आणि चाचीलाही कसली घाई नव्हती.